कोपरे खाणारी डबी : ऊस-नोंदीच्या एका ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हरचं प्रकरण

जानेवारी २०२५. 'सुरू' हंगामातल्या ऊस-लागणीच्या नोंदी जोरात होत्या, तेव्हा करवीर तालुक्यात काम करणाऱ्या एका चिटबॉयनं, म्हणजे साखर कारखान्यासाठी शेतोशेत जाऊन उसाची नोंद घेणाऱ्या माणसानं, हा रिसीव्हर कोल्हापुरात महाद्वार रोडलगतच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आणला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी, वर दोन दिवे, बाजूला सरकतं बटण आणि चार्जिंगसाठी जुन्या पद्धतीची मिनी यूएसबी खाच. डबीनं उपग्रहांकडून आपली जागा काढायची आणि ती ब्लूटूथवरून टॅबलेटला कळवायची, एवढंच तिचं काम. टॅबलेट नुसत्या वायफायचा, त्यात स्वतःचा जीपीएस नाही, म्हणून ही डबी गळ्यात बांधलेली. उसाच्या प्लॉटच्या बांधावरून चक्कर मारायची, टॅबलेटवरचं ॲप मागोमाग रेघ ओढतं, रेघ जुळली की क्षेत्र गुंठ्यांत दाखवतं.

तक्रारी चार होत्या आणि चारही एका दमात सांगून झाल्या. चालता चालता जोडणी तुटते. क्षेत्र कमी लागतं. तारीख चुकीची म्हणून ॲप नोंदच घेत नाही. आणि चिटबॉयच्या मावसभावानं डबीतून आलेले आकडे नकाशात टाकून बघितले, तर ठिपका गारगोटीच्या अंगाला पडला. मावसभावाचा निकाल असा की डबी गेली, नवीन घे.

डबी दुकानात येण्याचं खरं कारण मात्र वडणग्याच्या शिवारातलं भांडण होतं. एका शेतकऱ्याचा सातबाऱ्याला सरळ एक एकराचा तुकडा, त्यानं बांधही स्वतः टेपनं मोजलेला. डबीनं दाखवले पस्तीस गुंठे. "माझं पाच गुंठं काय पंचगंगेला व्हाऊन गेलं व्हय रं?" असं त्या अण्णांनी चार माणसांत विचारलं. नोंदीचं क्षेत्र म्हणजे नुसता आकडा नसतो. किती टन येणार याचा अंदाज त्यावर बसतो, तोडणीची टोळी किती दिवस लागेल हे त्यावर ठरतं. त्यामुळे अण्णांचा आवाज चढला याचं नवल नाही.

चिटबॉय जाता जाता एक वाक्य बोलून गेला. "गेल्या साली झकास चालत होती वं. यंदा पावसाळ्यानंतर कपाटातनं काढली आणि बिघडली." दुरुस्तीला आलेल्या वस्तूबरोबर अशी वाक्यं नेहमी येतात आणि बहुतेक वेळा त्यांचा काही उपयोग नसतो. या प्रकरणात त्याच वाक्यानं शेवटी गाठ सुटली.

आधी रेडिओ वेगळे करा

अशा डबीत बिनतारी दुवे दोन असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला दुवा उपग्रह ते डबी. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर बोलतात. जमिनीवर पोचेपर्यंत तो आवाज उणे १३० डीबीएमच्या आसपास उरतो. म्हणजे एका वॅटचे एकावर सोळा शून्य इतके भाग केले, तर त्यातला एक. दुसरा दुवा डबी ते टॅबलेट, २.४ गिगाहर्ट्झचं ब्लूटूथ, ताकद फार तर अडीच मिलिवॅट, पल्ला मोकळ्यात दहाएक मीटर. पहिल्या दुव्याला मोकळं आकाश लागतं. दुसऱ्याला आकाशाशी देणंघेणं नाही, पण मधे माणूस आडवा आला की तो अडखळतो, कारण पाण्यानं भरलेलं शरीर २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच शोषतं.

टॅबलेटवरच्या ॲपला यातलं काही कळत नाही. कुठलाही दुवा तुटला तरी ते "लोकेशन मिळत नाही" एवढंच म्हणतं. म्हणून ॲप बाजूला ठेवून डबी प्रत्यक्ष काय बोलते ते ऐकणं हीच पहिली पायरी. ०००० हा पिन घालून डबी फोनला जोडली, साधं ब्लूटूथ टर्मिनल उघडलं आणि दुकानाच्या गच्चीवर जाऊन बसलो. डबी एनएमईए ०१८३ या ठरावीक पद्धतीनं दर सेकंदाला मजकुराच्या ओळी पाठवते. जागा, वेग आणि तारीख सांगणारी आरएमसी, उंची आणि दर्जा सांगणारी जीजीए, कोणता उपग्रह किती जोरात ऐकू येतो ते सांगणारी जीएसव्ही. ओळी येत असतील तर ब्लूटूथ जिवंत आहे. आरएमसीत वेळेच्या पुढचं अक्षर 'ए' असेल तर जागा पक्की, 'व्ही' असेल तर डबी अजून चाचपडते आहे. एवढ्या दोन गोष्टींवर अर्धं निदान होतं, आणि तरीही जोडणी तुटते म्हणून लोक डबी आकाशाकडे उंच धरून उभे राहतात.

सोमवार, १३ जानेवारीच्या सकाळी गच्चीवर टिपलेल्या एका आरएमसी ओळीत वेळ ०५२२१४ होती, पुढे 'ए', मग अक्षांश १६४१.९८ उत्तर, रेखांश ०७४१३.६२ पूर्व, वेग ०.००, आणि तारीख ३००५०५. वेळ जागतिक, म्हणजे साडेपाच तास मिळवले की आपले दहा बावन्न. घड्याळ बरोबर होतं.

मावसभावाची तक्रार या ओळीतच निकालात निघाली. १६४१.९८ म्हणजे १६.४१९८ अंश नव्हे. ते १६ अंश आणि ४१.९८ मिनिटं आहेत. मिनिटांना साठानं भागलं की १६.६९९७ येतात आणि ठिपका कोल्हापूर शहरात पडतो. दशांश चिन्ह नुसतं दोन घरं सरकवलं तर ठिपका साधारण एकतीस किलोमीटर दक्षिणेला आणि दहा किलोमीटर पश्चिमेला जातो, म्हणजे बरोबर गारगोटी-भुदरगडच्या वाटेला. डबीचा यात काही दोष नव्हता.

तारीख मे २००५, पण वार सोमवारच

३००५०५ म्हणजे ३० मे २००५. वीस वर्षं मागची तारीख बघून कुणालाही वाटेल की आतलं घड्याळ मेलंय. पण या डब्यांना घड्याळ उपग्रहच लावून देतात, आणि तासमिनिटं तर सेकंदापर्यंत बरोबर होती. मग कॅलेंडर काढून पाहिलं. ३० मे २००५ हा सोमवार. १३ जानेवारी २०२५ सुद्धा सोमवार. तारीख चुकली आणि वार जुळला, तर चूक पूर्ण आठवड्यांची आहे. दोन्ही तारखांत ७,१६८ दिवसांचं अंतर आहे. ७,१६८ भागिले ७ म्हणजे १,०२४. इथं शोध संपला.

जीपीएसची कालगणना ६ जानेवारी १९८० ला सुरू होते आणि ती आठवड्यांत मोजली जाते. जुन्या संदेशात आठवड्याच्या आकड्यासाठी दहाच बिट ठेवलेले आहेत, त्यामुळे मोजणी ० ते १,०२३ पर्यंत जाते आणि परत शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ मध्ये ती पहिल्यांदा शून्यावर आली, ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री दुसऱ्यांदा. जानेवारी २०२५ मधला तो आठवडा मूळ गणनेनं २,३४९ वा. त्यातून दोन फेऱ्या वजा केल्या की उपग्रह प्रत्यक्षात सांगतो तो आकडा येतो, ३०१. या ३०१ ला कितवी फेरी लावायची हे डबीनं आपलं आपण ठरवायचं. या डबीचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये बसवलेला प्रोग्रॅम, दुसऱ्या फेरीच्या काळात लिहिलेलं, म्हणून ती १,०२४ अधिक ३०१ करते, १,३२५ व्या आठवड्यात जाऊन बसते आणि तो आठवडा २९ मे २००५ च्या रविवारी सुरू होतो.

जागेवर याचा परिणाम होत नाही. जागा काढायला आठवड्यातला सेकंद आणि उपग्रहाची ताजी कक्षा लागते, साल लागत नाही. त्यामुळे २०१९ पासून ही डबी चुकीची तारीख सांगत होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. यंदा ॲपची नवी आवृत्ती आली, ती तारीख तपासायला लागली, आणि जुनं दुखणं उघडं पडलं. अशा डब्यांसाठी नवं फर्मवेअर मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. टॅबलेटवर डबी आणि नोंदीचं ॲप यांच्यामधे जे पुलाचं ॲप लागतं, त्यात वेळ रिसीव्हरची न घेता टॅबलेटची घ्यायची सोय होती. ती चालू केली. डबी आजही आपली १,०२४ आठवडे मागेच आहे.

(जाता जाता चिटबॉयनं विचारलं होतं की आपल्या नाविकचे, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या यंत्रणेचे, उपग्रह यात का दिसत नाहीत. डबीतली सर्फस्टार-३ चिप २००४ च्या पिढीतली, तिला जीपीएसचीच एक लहर ऐकू येते. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला आणि ती मालिका वेगळ्या लहरींवर बोलायची. जीपीएसच्या लहरीवर बोलणारा नाविकचा पहिला उपग्रह २९ मे २०२३ चा.)

जोडणी तुटते, पण कुठली?

टर्मिनलमधल्या ओळी फाइलमध्ये साठवत चिटबॉयला त्याच्या नेहमीच्या सवयीनं हिंडायला सांगितलं. डबी पाठीवरच्या सॅकमध्ये, टॅबलेट पोटाशी. फाइल उघडल्यावर ओळींमध्ये खंड दिसले, आणि खंडांच्या दोन जाती दिसल्या.

एका जातीत काही सेकंद ओळी नाहीत, आणि पुढची ओळ येते ती लगेच 'ए' घेऊन. म्हणजे मधल्या काळात डबीनं आकाश सोडलेलं नव्हतं, फक्त तिचं बोलणं टॅबलेटपर्यंत पोचलं नाही. हा ब्लूटूथचा खंड. सॅक आणि टॅबलेट यांच्या मधे सबंध माणूस उभा होता. डबी खांद्यावरच्या पट्ट्याला, दिवे वर करून बांधली तेव्हा हे खंड जवळपास नाहीसे झाले, शिवाय डबीला आकाशही मोकळं मिळालं. टॅबलेटच्या बॅटरी बचतीच्या सेटिंगमुळे पडदा विझला की पुलाचं ॲप झोपायचं, तेही बंद केलं.

दुसऱ्या जातीत खंडानंतर 'व्ही' येतो आणि अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त वेळ 'व्ही'च राहतो. इथं डबी स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू झालेली. उपग्रह आपली कक्षा सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे सांगतो, त्याचा एक फेरा ३० सेकंदांचा. डबीच्या आठवणीत आधीची कक्षा शिल्लक असेल तर ती काही सेकंदांत जागा पकडते. नसेल तर पूर्ण फेरा ऐकत बसावं लागतं, आणि मधे उसाचं पान आडवं आलं तर परत पहिल्यापासून. इतका वेळ 'व्ही' राहतो याचा अर्थ वीज नुसती डुलकी घेत नव्हती, आठवण पुसली जाईल इतकी खाली जात होती.

बॅटरी काढली. बीएल-५सी, जुन्या नोकिया फोनमधली, ३.७ व्होल्टची. मधोमध फुगलेली, टेबलावर ठेवून बोटानं ढकलली की भोवऱ्यासारखी फिरणारी. डबी बंद असताना मीटर ४.१ व्होल्ट दाखवत होता, चालू केल्यावर थोड्याच वेळात ३.५ च्या खाली. ही बॅटरी अजून बाजारात मिळते कारण भजनाचे आणि एफएमचे छोटे स्पीकर तिच्यावर चालतात. पण घेताना वजन करून घ्यावी. वेष्टनावर छापलेल्या क्षमतेवर माझा विश्वास नाही. हातात हलकी लागणारी बॅटरी निम्म्या वेळात बसते, असा आमच्याकडचा अनुभव आहे. जरा जड लागणारी निवडली आणि बंद पडणं थांबलं.

दोन तक्रारी मिटल्या, तिसरी मावसभावाची होती. राहिले अण्णांचे पाच गुंठे, आणि ते अजूनही गायब होते. नव्या बॅटरीवरही.

डबी फारच स्थिर होती

चिटबॉयचा संशय उसावर होता. लागणीचा प्लॉट मोकळा असतो, पण शेजारी गेल्या वर्षीचा ऊस तोडणीला उभा असतो, डोक्याच्या कितीतरी वर, आणि ओल्या पानांत सिग्नल मरतो हे खरंच आहे. जीएसव्हीच्या ओळींत ते दिसतही होतं. मोकळ्यात चाळीसच्या पुढे असणारे आकडे उसाच्या कडेनं विशीत उतरायचे. पण कमजोर सिग्नलमुळे रेघ थरथरते, इकडे तिकडे भरकटते, आणि क्षेत्र कधी कमी लागतं तर कधी जास्त. चिटबॉयच्या वहीत ज्या प्लॉटांचं खरं माप माहीत होतं ते काढून पाहिले. जवळपास सगळीकडे कमी. एकच तुकडा बरोबर लागलेला दिसत होता, तो एल आकाराचा. नेहमी एकाच बाजूला होणारी चूक सिग्नलच्या माथी मारता येत नाही.

गच्चीवरच्या नोंदीत उत्तर आधीपासून पडलेलं होतं. दहा मिनिटं डबी कठड्यावर ठेवली होती आणि दहा मिनिटं अक्षांश-रेखांश शेवटच्या अंकापर्यंत तेच. वेग सगळीकडे ०.००. पाहणाऱ्याला वाटेल, काय नेमकी वस्तू आहे! पण असला रिसीव्हर कधीच इतका स्थिर नसतो. वातावरण, उपग्रहांच्या बदलत्या जागा, भिंतींवरून उलटून येणारे सिग्नल, या सगळ्यांमुळे कठड्यावर पडून असलेली डबीसुद्धा मीटर दोन मीटर डुलत राहते आणि वेगाच्या रकान्यात बारीकसारीक आकडे येत राहतात. सलग ०.०० येणं म्हणजे कुणीतरी आतून दाबून धरलंय.

सर्फच्या चिपमध्ये हे दाबून धरणारं कलम आहे, त्याला स्टॅटिक नॅव्हिगेशन म्हणतात. ते मोटारीसाठी बनवलेलं आहे. गाडी सिग्नलला थांबली की नकाशावरचा बाण उगाच इकडे तिकडे फिरू नये, म्हणून वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटरच्या खाली गेला की चिप शेवटची जागा गोठवते. वेग पुन्हा वाढला, किंवा प्रत्यक्ष जागा बरीच पुढे सरकली, की गोठवणूक सुटते आणि ठिपका एकदम नव्या जागी उडी मारतो. मोटारीत हे सुखाचं आहे. पण सेकंदाला १.२ मीटर म्हणजे ताशी ४.३ किलोमीटर. डांबरी रस्त्यावर माणूस याच्या आसपास चालतो. नांगरट झालेल्या रानात, सऱ्या ओलांडत, एका हातात टॅबलेट धरून कुणी इतक्या वेगानं चालत नाही.

आता कोपऱ्यावर काय होतं ते बघा. माणूस सरळ बांधावर जरा तरी चालतो. कोपरा आला की हळू होतो, दगड कुठाय बघतो, शेतकऱ्याला विचारतो, वळतो. डबी कोपऱ्याच्या अलीकडेच गोठते. माणूस वळून दुसऱ्या बांधावर वेग धरतो तेव्हा ती सुटते आणि उडी मारते ती थेट कोपऱ्याच्या पलीकडे. ॲप या दोन ठिपक्यांत सरळ रेघ ओढतं आणि कोपरा त्रिकोणासारखा कापला जातो. चौकोनी प्लॉटचे चार कोपरे असे चारही वेळा आतच कापले जातात, बाहेर कधी नाही. म्हणून क्षेत्र नेहमी कमी. एल आकाराच्या तुकड्याला एक कोपरा आत वळलेला असतो, तिथं रेघ शेजाऱ्याच्या रानातून जाते आणि क्षेत्र वाढतं. पाच ठिकाणी तोटा आणि एके ठिकाणी मोठा फायदा, बेरीज योगायोगानं जुळलेली.

हे कागदावर पटलं तरी मोजून बघायचं होतं. तपोवन मैदानावर टेपनं ६० बाय ४० मीटरचा चौकोन आखला. २,४०० चौरस मीटर, म्हणजे २३.७ गुंठे. चिटबॉयनं रानात चालतो तसं, कोपऱ्यावर थांबत, फेरे मारले. डबीनं दिलं कधी २० तर कधी २२. मग त्यालाच न थांबता झपाझप चालायला लावलं आणि आकडा २३ च्या वर गेला. तीच डबी, तेच आकाश, उसाचं एक पान नाही. टॅबलेटवर दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या, तेव्हा संथ फेऱ्याच्या चौकोनाला कोपरे उरलेच नव्हते.

गेल्या साली झकास का चालत होती?

हे कलम बंद करता येतं. पण ती निवड चिपच्या कायमच्या आठवणीत जात नाही, बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या तात्पुरत्या आठवणीत राहते. डबी पूर्वी ज्यानं कुणी चालण्याच्या मोजणीसाठी तयार करून दिली, त्यानं ते बंद केलेलं असणार. बॅटरी चांगली होती तोवर निवड टिकली. पावसाळ्याचे चार महिने डबी कपाटात पडली, थकलेली बॅटरी तळाला गेली, आठवण पुसली आणि चिप कारखान्यातून आली तशी, मोटारीसाठीची झाली. डबी काही बिघडली नव्हती. तिला आपण बांधावर चालतोय हे माहीत नव्हतं, एवढंच.

दुरुस्ती संगणकावरून. ब्लूटूथच्या सीरियल पोर्टवर सर्फडेमो हे जुनं साधन जोडायचं, डबीला मजकुराच्या भाषेतून सर्फच्या बायनरी भाषेत न्यायचं, १४३ क्रमांकाचा संदेश पाठवून स्टॅटिक नॅव्हिगेशन बंद करायचं, आणि न विसरता परत एनएमईएत आणायचं. यात दोन खड्डे आहेत. डबी बायनरीतच सोडून दिली तर टॅबलेटवर कचरा येतो, पुलाच्या ॲपला काही समजत नाही आणि माणूस डबी मेली असं समजून चालतो. दुसरा खड्डा खोल आहे. भाषा बदलताना वेगाचा आकडा, म्हणजे बॉड रेट, विचारला जातो. तो डबीच्या आतल्या ब्लूटूथ चिप आणि जीपीएस चिप यांच्यामधला वेग आहे. तिथं दुसरा आकडा पडला की आतल्या दोन चिपा एकमेकींना ऐकू येत नाहीत, आणि बाहेरून आपला आवाज आत पोचवायचा रस्ताही तोच असल्यामुळे चूक मागे घेता येत नाही. मग आठवण पूर्ण पुसेपर्यंत वीज तोडून ठेवणं हाच उपाय. त्यामुळे आहे तो आकडा आधी लिहून घ्यावा आणि तोच परत द्यावा.

कलम बंद केल्यावर गच्चीवरची डबी डुलायला लागली, वेगाच्या रकान्यात बारीक आकडे आले. तपोवनावर संथ फेऱ्यांतही क्षेत्र साडेतेवीस ते चोवीसच्या दरम्यान राहू लागलं.

वडणग्यात अण्णांच्या समोर फेरा मारला, तेव्हा डबीनं साडेएकोणचाळीस गुंठे दाखवले. अण्णांचा पहिला प्रश्न, "आणि ऱ्हायलेला अर्धा?" त्यांना सांगितलं ते असं. ही डबी जागा सांगताना तीन-चार मीटर चुकू शकते. पण पंधरा मिनिटांच्या फेऱ्यात ती चूक बरीचशी एकाच बाजूला असते, म्हणजे अख्खा प्लॉट नकाशावर थोडा सरकतो, त्याचा आकार फारसा बिघडत नाही. म्हणून क्षेत्र जागेच्या मानानं बरं लागतं, तरी अर्धा गुंठा इकडे तिकडे होणारच. सेंटिमीटरचा हिशोब हवा असेल तर तो भूमी अभिलेखच्या मोजणीचा प्रांत. तिथं रोव्हर, म्हणजे मोजणीचा अचूक रिसीव्हर, असतो आणि त्याला कायमस्वरूपी स्थानकांकडून इंटरनेटवर दुरुस्त्या मिळत असतात. ऊस-नोंदीला त्याची गरज नाही, हे माझं मत. अण्णांनी ते मान्य केलं असं म्हणता येणार नाही, पण सही केली.

डबी परत देताना सांगितलं की ती महिनोन्महिने कपाटात टाकायची नाही, हंगाम नसतानाही अधूनमधून चार्ज करायची, आणि दर हंगामाच्या सुरुवातीला एकदा कठड्यावर ठेवून आकडे हलतात का बघायचं. नाही हलले तर कलम पुन्हा चालू झालेलं आहे.

मग यंदाच्या झालेल्या नोंदींचा प्रश्न उरला. ज्यांच्या रेघा टॅबलेटमध्ये साठलेल्या होत्या त्या उघडून पाहिल्या. एकाच जागी साचलेले ठिपके आणि त्यानंतरची लांब सरळ उडी, ही खूण डोळ्यांना लगेच सापडते. अशा सगळ्या प्लॉटांवर चिटबॉयनं वहीत फुली मारली. ज्यांची रेघच साठलेली नव्हती, त्यांचं नुसत्या क्षेत्राच्या आकड्यावरून काही ठरवता येत नव्हतं, तेही फेरमोजणीत धरले. सुरुवात त्यानं एल आकाराच्या तुकड्यांपासून केली. तिथं क्षेत्र जास्त लागलेलं असू शकत होतं, आणि ती तक्रार घेऊन त्याच्याकडे कुणी येणार नव्हतं.